न निवणारी पुरचुंडी

उसण भरली की माणूस आधी वाकडा होतो आणि मग शेकाकडे वळतो. कळशी उचलताना कंबरेत लचक भरते, रात्री उशी सरकली की सकाळी मान धरते, भाताच्या लावणीत दिवसभर वाकून पाठ बोलायला लागते. दुखणं कुठलंही असो, घरातला पहिला सल्ला ठरलेला असतो: "जरा शेकून घे." मग तव्यावर जाडं मीठ परतलं जातं आणि फडक्यात बांधून त्याची पुरचुंडी होते. कुठे चुलीत तापवलेली वीट गोणपाटात गुंडाळतात, कुठे रुईच्या पानाला तेलाचं बोट फिरवून ते तव्यावर गरम करतात, कुठे निर्गुडीच्या पाल्याचा वाफारा घेतात. बाळंतिणीची शेकशेगडी तर नेमाचीच. ज्या गावांना निसर्गानंच शेकाची सोय करून दिली, त्यांची नावंही तशीच पडली: राजापूरजवळचं उन्हाळे, दापोलीकडचं उन्हवरे, पालीजवळचं उन्हेरे, जळगाव जिल्ह्यातलं उनपदेव. ऊन म्हणजे गरम. तिथल्या कुंडांत पाय सोडून बसणाऱ्यांत सांधेदुखीवाले आजही असतात.

या गोतावळ्यात आता एक नवा पाहुणा शिरला आहे. गोधडीच्या तुकड्यासारखा मऊ, वीतभर रुंद पट्टा. दोन्ही टोकांना वेल्क्रो. एका कडेनं निघालेली वायर, जी मोबाइलच्या चार्जरला किंवा पॉवर बँकेला जोडायची. आणि दर्शनी बाजूला एक बटण. दोन-तीन सेकंद दाबून धरलं की बटणातला दिवा लागतो, पुन्हा दाबलं की दिव्याचा रंग बदलतो आणि उष्णतेची पायरीही. सदऱ्याखाली बांधला तर शेजारच्याला पत्ता लागत नाही. दिवसभर संगणकापुढे बसणारे तो खुर्चीत बांधून बसतात, पाळीच्या दिवसांत मुली तो ओटीपोटावर बांधून कॉलेजला जातात, लांब पल्ल्याची गाडी चालवणारे गाडीतल्याच यूएसबीला तो जोडून टाकतात. खोक्यावर 'फार इन्फ्रारेड' अशी ठळक अक्षरं असतात. शेजारच्या चित्रात लाल लाटा कातडी भेदून पार मणक्यापर्यंत घुसताना दाखवलेल्या असतात.

त्या लाटांचं पुढे पाहू. आधी पट्ट्याच्या आत काय आहे ते पाहावं, कारण तिथे लाटांपेक्षा जास्त अक्कल भरलेली आहे.

असा पट्टा उसवला तर फारसं काही निघत नाही. बाहेरचं मखमली कापड, त्याखाली स्पंजचा पातळ थर, आणि मग एकतर नागमोडी टाके घालून शिवलेला कार्बन तंतूंचा काळा दोरा, नाहीतर प्लॅस्टिकवर कार्बनचा लेप दिलेली काळी, चकचकीत पट्टी. याच कार्बनमधून वीज जाते आणि अडखळत जाताना तापते. इस्त्री आणि गिझर याच तत्त्वावर चालतात; तिथे निक्रोमची तार असते, इथे कार्बन. फरक असा की तार पुन्हा पुन्हा दुमडली की कधीतरी तुटते, आणि तारेजवळ जास्त, तारेपासून दूर कमी अशी ती तापते. कार्बनचा धागा मात्र कापडासारखा वळतो, आणि लेप असेल तर सगळी पट्टी सारखी तापते. या थरात कुठेतरी मोहरीच्या दाण्याएवढा एक उष्णतामापक चिकटवलेला असतो. ठरलेल्या अंशाला पोहोचलो असं त्यानं सांगितलं की वीज तुटते, दोन-तीन अंश उतरले की पुन्हा सुरू होते. बऱ्या कंपनीच्या पट्ट्यात ठरावीक मिनिटांनी सगळंच बंद करणारा टायमरही असतो. मोहरीएवढा हा दाणाच खरा कारभारी. तो बिघडला तर उरलेला पट्टा म्हणजे अंगाला बांधलेली शेगडी.

आता लाटा.

१८०० साली इंग्लंडमधल्या स्लाव या गावी विल्यम हर्शेल एका काचेच्या लोलकाशी खेळत बसला होता. खेळत म्हणण्याचं कारण, त्याला शोधायचं होतं वेगळंच. हर्शेल मूळचा हॅनोव्हरचा, पेशानं वादक. दुर्बिणी घडवण्याचा नाद लागला आणि १७८१ मध्ये युरेनस सापडला, तेव्हा वादक मागे पडून खगोलशास्त्रज्ञ पुढे आला. सूर्य पाहण्यासाठी डोळ्यांपुढे रंगीत काचा धरताना त्याच्या लक्षात आलं, की काही काचांतून उजेड थोडाच येतो, पण ऊब भरपूर जाणवते. मग त्यानं सूर्यकिरण लोलकातून टेबलावर पाडले, जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत पट्टा उमटवला आणि बुडाला काळं लावलेला थर्मामीटर एकेका रंगात ठेवून पाहिला. तुलनेसाठी आणखी थर्मामीटर बाजूला, सावलीत. जांभळ्याकडून तांबड्याकडे जावं तसा पारा जास्त चढत होता. मग तांबड्याच्याही पलीकडे, जिथे टेबलावर रंगाचा मागमूस नव्हता, तिथे थर्मामीटर सरकवला, तर पारा सगळ्यात वर. न दिसणारा उजेड! मराठीत त्याला अवरक्त म्हणतात, तांबड्याच्या खालचा.

हर्शेलनं पाहिलेलं खास सूर्याचं नव्हतं. जगातली प्रत्येक वस्तू असे किरण बाहेर टाकत असते. वस्तू जितकी गरम, तितक्या तिच्या मुख्य किरणांच्या लहरी आखूड, एवढाच काय तो भेद. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५,५०० अंश सेल्सिअस, म्हणून त्याच्या प्रकाशाचा जोर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. आपल्याला दिसतो तो उजेड तिथलाच. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कंबरेचा पट्टा ५० अंशांना तापला की त्याचे किरण ९ मायक्रॉनच्या आसपास एकवटतात. आणि माणसाची कातडी, जी ३३-३४ अंशांवर असते, ती स्वतः साडेनऊ मायक्रॉनच्या आसपास किरण टाकत बसलेली असते, झोपेतसुद्धा. करोनाच्या काळात मॉलच्या दारात कपाळावर जी पांढरी बंदूक रोखली जायची, ती सोडत काहीच नव्हती, फक्त घेत होती: कपाळातून येणारे अवरक्त किरण मोजून ती ताप सांगायची.

तेव्हा 'फार इन्फ्रारेड' हे शब्द खोटे नाहीत. फक्त ते मिठाच्या पुरचुंडीलाही लागू आहेत. विटेलाही, रबरी पिशवीलाही, आणि पाठीवरून हात फिरवणाऱ्या आईच्या तळव्यालाही. ५० अंशांना तापलेली कुठलीही वस्तू साधारण त्याच जातीचे किरण देते. कार्बनमुळे त्यांत काही दैवी गुण उतरत नाही. त्या खोक्यांवर '४ ते १४ मायक्रॉनचे जीवनकिरण' असं काहीबाही लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ इतकाच, की वस्तू कोमटाहून गरम आहे.

बरं, हे किरण खोलवर जातात का? इथे तर चित्रातला कारागीर सपशेल घसरला आहे. ९ मायक्रॉनचे किरण पाण्याला भलतेच आवडतात, म्हणजे पाणी त्यांना लगेच गिळून टाकतं, आणि कातडीत पाणीच पाणी. अशा किरणांचा प्रवास कातडीच्या वरच्या थरात, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आतच, संपून जातो. त्यामानानं फिजिओथेरपीच्या दवाखान्यात असतो तो लाल दिवा बरा. त्याची तार दोन हजार अंशांच्या पुढे तापलेली असते, त्यामुळे त्याचे किरण आखूड लहरींचे, ज्यांना निकटचे अवरक्त म्हणतात, आणि ते काही मिलिमीटर आत उतरतात. म्हणूनच तो दिवा अंगापासून दीड-दोन फूट दूर टांगलेला असतो. किरणांनी मधलं अंतर तोडून यायचं असतं. पट्टा मात्र सदऱ्याखाली आवळून बांधलेला. शाळेत उष्णतेचे तीन मार्ग शिकवतात: वहन, अभिसरण, प्रारण. अंगाला चिकटलेला पट्टा मुख्यतः पहिल्या मार्गानंच काम करतो, तव्यावरच्या भाकरीसारखा. नाव प्रारणाचं, काम वहनाचं.

याच गोंधळात आणखी एक भर पडते ती लाल एलईडीच्या पट्ट्यांची. त्यांत लाल आणि निकटच्या अवरक्त प्रकाशाचे छोटे दिवे ओळीनं बसवलेले असतात आणि त्यांचा दावा उष्णतेचा नसून प्रकाशानं पेशींना चेतवण्याचा असतो. त्या विद्येची सुरुवात १९६७ च्या सुमाराला बुडापेस्टमध्ये एंड्रे मेस्टर यांच्या प्रयोगांतून झाली. केस भादरलेल्या उंदरांवर त्यांनी मंद लेसर सोडला आणि तिथले केस लवकर उगवलेले पाहिले. तो विषय वेगळा. दुकानात दोन्ही वस्तू एकाच फळीवर एकाच नावानं ठेवलेल्या असतात, म्हणून फक्त सांगून ठेवलं.

किरण आत जात नाहीत, पण उष्णता जाते, हळूहळू, थरामागून थर. गरम पॅक पाव तास ठेवला तर एक सेंटीमीटर खोलीवर तापमान तीन-चार अंशांनी वाढतं. तीन सेंटीमीटरवर जेमतेम एक अंश. मध्ये चरबीचा थर असेल तर आणखी कमी, कारण चरबी ही उत्तम गोधडी. शिवाय कातडी तापली की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्त वाहता वाहता ती ऊब घेऊन पसार होतं. शरीरानं स्वतःसाठी बसवलेला रेडिएटरच तो. कंबरेचे मोठे स्नायू आणि त्यांच्या मागचे मणक्याचे सांधे खरोखर तापवायचे असतील तर दवाखान्यातलं शॉर्टवेव्ह डायथर्मीचं यंत्र लागतं, जे २७.१२ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी वापरतं. पेसमेकर बसवलेल्या माणसाला त्याच्या आसपासही फिरकू देत नाहीत.

मग वरवरच्या शेकानं आराम कसा पडतो? पडतो तर खराच.

त्याचं उत्तर निम्मं मिरचीत आहे. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं मिरचीतल्या कॅप्सेसिनचा मज्जापेशींवरचा नेमका दरवाजा शोधून काढला. त्याचं नाव टीआरपीव्ही१. गंमत अशी निघाली, की हाच दरवाजा ४३ अंशांच्या वर तापमान गेलं की उघडतो. ठेच्यानं जीभ 'भाजते' असं म्हणणं अलंकारिक नाही तर; मज्जातंतूंच्या दृष्टीनं ते शब्दशः खरं आहे. या कामाबद्दल ज्युलियस यांना आर्डेम पटापूटियन यांच्यासोबत २०२१ चं नोबेल मिळालं. ऊब कळवणारे आणखीही दरवाजे कातडीत आहेत, वेगवेगळ्या अंशांना उघडणारे. शेक घेताना ४३ च्या थोडं खाली राहायचं असतं, म्हणजे ऊब सांगणारे दरवाजे उघडे आणि भाजल्याची बोंब मारणारा बंद.

उरलेलं निम्मं पाठीच्या कण्यात. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी एक कल्पना मांडली: दुखण्याचा संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत एका फाटकातून जातो, आणि स्पर्शासारखे दुसरे संदेश त्या फाटकाशी गर्दी करून त्याला अडवू शकतात. ठेच लागली की आपण अंगठा चोळत बसतो, तो याच फाटकाशी घातलेला हुज्जतीचा प्रकार. शेकाच्या संदेशांनाही तिथे असाच काही मान मिळत असावा, असं मानलं जातं. फाटकाचा तपशील पुढे बराच बदलला, पण मूळ चित्र टिकून आहे. आणि दुखणं घटलं की स्नायू सैल पडतो, ही मोठी गोष्ट. उसण भरते तेव्हा स्नायू दुखऱ्या जागेचा पहारेकरी होऊन आवळून बसतो; आवळल्यामुळे तो स्वतः दुखतो; दुखतो म्हणून आणखी आवळतो. हे चक्र कुठेतरी तोडायचं असतं. शेक ते तोडतो, जखम भरून काढत नाही.

याला पुरावा आहे, आणि तो पट्टेवाल्यांना वाटतो त्याहून वेगळी गोष्ट सांगतो. २००२ मध्ये 'स्पाइन' या नियतकालिकात एक चाचणी छापून आली. नव्यानं कंबर धरलेले ३७१ लोक. काहींच्या कंबरेला ४० अंशांची गरम पट्टी दिवसाला ८ तास बांधली, काहींना आयब्यूप्रोफेन दिलं, काहींना पॅरासिटामॉल. पट्टीवाल्यांना दोन्ही गोळ्यांपेक्षा जास्त आराम पडला. खर्च पट्टी बनवणाऱ्या कंपनीचा होता, हे लक्षात ठेवून वाचावं. वर्षभर आधी पाळीच्या दुखण्यावर अशीच चाचणी झाली होती: ३८.९ अंशांची पट्टी ओटीपोटावर १२ तास, आणि परिणाम आयब्यूप्रोफेनच्या तोडीचा. २००६ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या समीक्षकांनी कंबरदुखीवरच्या शेकाचे असे ९ अभ्यास, ज्यांत मिळून १,११७ लोक होते, चाळून काढले. निष्कर्ष मोजून-मापून: ताज्या कंबरदुखीत गरम पट्टीनं थोडा आणि थोड्याच काळाचा आराम मिळतो, जुनाट दुखण्याबद्दल सांगण्याजोगं काही हाती नाही. २०१७ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं डॉक्टरांना सांगितलं, की ताज्या कंबरदुखीला गोळ्यांच्या आधी शेक, मालिश वगैरे उपाय सुचवा.

आता यातली मेख. २००२ च्या चाचणीतल्या पट्ट्यांत ना वीज होती, ना कार्बन, ना 'इन्फ्रारेड' हा शब्द. त्यांत लोखंडाची भुकटी होती. पाकीट फोडलं की तिला हवा लागते, ती भराभर गंजते आणि गंजताना ऊब देते, बस. म्हणजे शेकाच्या बाजूचा चांगला म्हणावा असा हा पुरावा गंजक्या लोखंडानं मिळवून दिलेला आहे. अवरक्त किरणांचं खास श्रेय मागणाऱ्या चाचण्याही आहेत. कॅनडात २००६ मध्ये छापलेल्या एका चाचणीत जुन्या कंबरदुखीच्या चाळीसेक रुग्णांना सात आठवडे पट्टे बांधले. खऱ्या पट्ट्यांनी दुखणं दहापैकी सातावरून तिनावर आलं, बंद पट्ट्यांनी सातावरून सहावर. पण चाळीस म्हणजे फार कमी माणसं. शिवाय ते किरण निकटचे, ८०० ते १,२०० नॅनोमीटरचे होते. पॉवर बँकेवर तापणाऱ्या काळ्या कार्बनचे नव्हेत.

तरीही या पट्ट्याची बाजू घ्यावीशी वाटते, आणि त्याचं कारण खोक्यावर कुठेच छापलेलं नाही. चाचण्यांतले आकडे पुन्हा पाहा: ३८.९ अंश, ४० अंश. ८ तास, १२ तास. गुण उग्र उष्णतेत नाही, मंद आणि लांब उष्णतेत आहे. पुरचुंडीला नेमकं हेच जमत नाही. पहिली दोन मिनिटं ती हात लावू देत नाही, मग पाच-सात मिनिटं झकास, मग पुन्हा तवा. झाग्रेबच्या स्लावोल्युब पेन्कालानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणलेली रबरी पिशवी तासभर टिकते खरी, पण ती बांधून लोकलमध्ये चढता येत नाही. बटण दाबून आत स्फटिक जमवायची ती पारदर्शक पिशवी, सोडियम ॲसिटेटची, पन्नाशीपर्यंत तापते आणि अर्ध्या-पाऊण तासात दगड होऊन बसते. एका ठरलेल्या अंशावर, चालत्या-फिरत्या माणसाच्या अंगावर, तासन्‌तास टिकून राहणं ही या कार्बनच्या पट्ट्याची कमाई. श्रेय किरणांचं नाही, मोहरीएवढ्या त्या दाण्याचं आहे.

आणि धोकाही नेमका तिथेच.

पुरचुंडी निवते. हा तिचा दोष वाटत आला, पण तीच तिची राखण होती. शेकता शेकता डोळा लागला तर पुरचुंडी आपोआप थंड होऊन गुपचूप बाजूला पडायची. पट्टा निवत नाही. १९४७ मध्ये हार्वर्डच्या मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी डुकरांच्या आणि स्वयंसेवकांच्या कातडीवर प्रयोग करून, किती अंशांना किती वेळात कातडी भाजते याचा तक्ता केला. भाजण्याच्या शास्त्रात तो अजून वापरतात. ६० अंशांना ५ सेकंद पुरतात, हे कुणालाही पटेल. पण ४४ अंशांना, जे सुखद गरम आंघोळीहून फारसं वेगळं नाही, सहा तासांत कातडी जळते. त्यापुढे दर अंशाला वेळ साधारण निम्मा: ४५ ला तीन तास, ४७ ला पाऊण तास. जपानी भाषेत या भाजण्याला स्वतंत्र शब्दच आहे, 'तेइओन याकेदो', कमी उष्णतेचं भाजणं. खोक्यावर ४५, ५०, ५५ असे आकडे असतात ते पट्ट्याच्या पृष्ठभागाचे. मध्ये बनियन असेल तर कातडीला त्याहून कमी पोहोचतं. पण त्याच पट्ट्यावर पाठ टेकून झोपलं, की वरून बाहेर जाणारी वाट बंद होते, दाबामुळे तिथलं रक्तही कमी खेळतं, आणि ऊब साठत जाते. अमेरिकेच्या सरकारी खात्यांनी १९९५ मध्ये विजेच्या हीटिंग पॅडबद्दल इशारा काढला, तेव्हा तिथे दरवर्षी सरासरी १,६०० लोक भाजून रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पोहोचत होते. त्यांतले बरेच पासष्टीच्या पुढचे, बरेच झोपेत भाजलेले.

भाजलं नाही तरी रोजच्या शेकाची कातडीवर खूण उमटते. काश्मीरमध्ये हिवाळाभर फिरन या अंगरख्याच्या आत कांगडी बाळगतात: वेताच्या टोपलीत मातीचं भांडं, भांड्यात निखारे, आणि ती मांड्यांमध्ये किंवा पोटाशी. वर्षानुवर्षं तिथेच ऊब लागून कातडीवर आधी तपकिरी जाळी उमटते, मासेमारीच्या जाळ्यासारखी. श्रीनगरमध्ये काम करणाऱ्या डॉ. एल्म्स्ली यांनी १८६६ मध्ये त्याच जागी होणाऱ्या कर्करोगाचं वर्णन केलं. वैद्यकात तो अजून कांगडी कॅन्सर याच नावानं ओळखला जातो. ते निखारे या पट्ट्याहून कितीतरी दाहक आणि सवय आयुष्यभराची, त्यामुळे दोन्हींची बरोबरी करायला नको. पण ती तपकिरी जाळी मांडीवर लॅपटॉप ठेवणाऱ्यांतही दिसली आहे आणि हीटिंग पॅड रोज बांधणाऱ्यांतही. जाळी दिसली की पट्टा काही आठवडे कपाटात गेला पाहिजे.

सगळ्यात जास्त जपायचं ते मधुमेह्यांनी. पायांच्या नसा बधिर झालेल्या असतात, ४७ अंश काय आणि ५५ काय, कळत नाही. कळतं तेव्हा फोड आलेला असतो आणि तो भरायला महिने लागतात. हा इशारा जुनाच. 'चरकसंहिते'त स्वेदनाचा, म्हणजे शेकून घाम आणण्याचा, पूर्ण अध्याय आहे, सूत्रस्थानातला चौदावा. त्यात अग्नीच्या शेकाचे तेरा प्रकार सांगितले आहेत, तापलेल्या दगडापासून जमिनीत खणलेल्या कूपापर्यंत, आणि अग्नीशिवायचे दहा. त्या दहांत जाड पांघरूण, व्यायाम, ऊन यांच्या पंगतीला भूक, भीती आणि क्रोधही बसवले आहेत. भीतीनं घाम फुटतो हे ज्यानं शेकाच्या यादीत धरलं, त्याच्या निरीक्षणाला दाद द्यावी. पण त्याच अध्यायात कुणाला शेकू नये याचीही यादी आहे, आणि तीत गर्भिणीच्या जोडीला मधुमेही आहे. चरकाची कारणं त्याच्या काळातली, आजची कारणं वेगळी, माणूस मात्र तोच निघाला.

बाकीचे नियम घरातल्या कुणालाही पटतील असे. पाय मुरगळून घोटा टम्म फुगला असेल तर पहिले दोन दिवस शेक नको, बर्फ. सुजेत आणखी रक्त ओढून आणण्यात शहाणपण नाही. झोंबणारा बाम चोळून त्यावर पट्टा बांधणं म्हणजे मिरचीच्या दरवाजाला दोन्हीकडून धक्का. वेदनेसाठी फेन्टानिलची चिकटपट्टी लावलेल्या रुग्णाला तिच्यावर शेक अजिबात नाही, कारण उष्णतेनं औषध भसकन रक्तात उतरतं आणि श्वास मंदावतो. आणि पट्टा चापून घडी घालून ठेवू नये, त्याला सेफ्टी पिन टोचू नये. पाव-अर्धा तास शेकून, अंग सैल झालेलं असतानाच, फिजिओथेरपिस्टनं शिकवलेले ताणाचे व्यायाम केले तर शेकाचं चीज होतं. शेकून पुन्हा त्याच खुर्चीत तसंच वाकून बसलं, तर संध्याकाळी पट्टा पुन्हा लागतोच.

विकत घेताना एकच गणित करावं. पट्ट्याची वायर ५ व्होल्ट आणि २ अँपिअरची असेल तर त्याला मिळतात फक्त १० वॅट. घरातल्या प्लगवरच्या मोठ्या पॅडला याच्या कितीतरी पट. १० वॅटमध्ये कंबरेचा पट्टा तापतो, पूर्ण पाठ तापत नाही. 'पूर्ण पाठ, पॉवर बँकवर' असं म्हणणारा विक्रेता फारच उदार आहे. १०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक म्हणजे ३७ वॅट-तास, त्यांतले काही वाटेत गळतात, म्हणजे सतत वापरात जेमतेम तीन तास. ती विमानात हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते, सामानात टाकता येत नाही.

मे महिन्यात पुण्या-नाशिकहून हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांच्या पाठपिशव्यांत हा पट्टा आता हमखास निघतो. दिवसभर चढून पोटऱ्यांत गोळे आलेले, तंबूत शिरल्यावर पट्टा पोटरीला, दिवा लाल. पण लिथियमच्या बॅटरीला थंडी सोसत नाही. पारा शून्याखाली उतरला की ती निम्म्यावरच मान टाकते. म्हणून जुने ट्रेकर पट्टा बंद करून झोपतात आणि पॉवर बँक मोज्यात घालून स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी घेतात. रात्रभर माणूस तिला शेक देतो, तेव्हा सकाळी ती पुन्हा चालते.